डावीकडे गेलेला हात

आये, थळच्या फाट्यापुढच्या वळणावर एक लोखंडी खांब अजून उभा आहे. परवा नातीला घेऊन एस.टी.नं अलिबागला चालले होते, तर ती खिडकीतून मान काढून म्हणाली, "आजी, नुसताच खांब? त्यावर पाटी न्हाय?" मी म्हटलं, होती, गंजून पडली. पुढं ती काही विचारील म्हणून मी तिला शेंगदाण्यांची पुडी दिली, आणि पोरगी खाण्यात रमली. माझ्या डोळ्यांसमोरून मात्र घरी येईपर्यंत तो खांब हलेना. म्हणून आज तुला लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं. हा कागद तुझ्या हाती पडला असता तर तू त्याची घडी करून चुंबळीत घातली असतीस आणि वर माशांची पाटी ठेवून बाजाराला निघाली असतीस, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते.

तू गेलीस त्याच्या पुढच्या साली सरकारनं त्या खांबावर पाटी लावली. मी तेव्हा तुझ्या जागी अलिबागच्या बाजारात बसत होते. जाता-येता पाटीसमोर माझे पाय थांबायचे, पण वाचायचं कुणाला? एकदा वरसोलीचे शाळामास्तर छत्री घेऊन चालले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मोटारी सावकाश हाका, असं लिहिलंय. का गं?" मी म्हटलं, त्यातलं पहिलं अक्षर कुठलं? त्यांनी छत्रीच्या टोकानं धुळीत 'म' काढून दाखवला. दुसऱ्या दिवशी 'ट' विचारला. मास्तर हसायचे, "मासे विकायला निघालीस का अक्षरं विकत घ्यायला?" पण रोज एक काढून द्यायचे. आये, मी शाळेची पायरी चढले नाही. जे काही लिहिते-वाचते ते त्या वळणावर शिकले, तुझं रक्त सांडलं त्या जागी. पुढे दुकानांच्या पाट्या वाचल्या, मग पुड्यांचे कागद, मग वर्तमानपत्रं. म्हातारपणी आता चष्मा लावून सगळं वाचते, अगदी कोर्टाच्या बातम्यासुद्धा.

तुझं घरातलं बोलणं मला लख्ख आठवतं. चुलीवर भात लागला की तू म्हणायचीस, "हयगय केलीस ना बाय? चुलीजवळ बसून ध्यान कुठं व्हतं?" हयगय हा तुझा आवडता शब्द. वाळत घातलेल्या सुकटीला कावळ्यांनी चोच लावली, हयगय. बाबाच्या जाळ्याचा पीळ सुटला, हयगय. आणि एकदा मी आदल्या दिवशीची सुरमई ताजी म्हणून खपवली, तेव्हा तू बाजारात सगळ्यांदेखत माझा कान धरलास. त्या बामणाच्या घरी मला परत पाठवलंस, सांगून ये म्हणून. मी रडत रडत त्यांच्या ओटीसमोर उभी राहिले. परत आले तेव्हा तू पाटीतले मासे उलटेपालटे करत म्हणालीस, "शिळ्याला ताजं म्हणू नये गो. आपण इथं कायबी बोलू, पन गिऱ्हाईक घरी जाऊन वास घेतंच." त्याच दिवाळीला तुझं जुनं हिरवं लुगडं फाडून तू मला चुंबळ वळून दिलीस. घट्ट, माझ्या डोक्याच्या मापाची. म्हणालीस, "आता तुजी तू पाटी उचल." मला सोन्याची ठुशी दिली असतीस तरी एवढी हरखले नसते.

तेव्हाचं जाणं-येणं समुद्राच्या हातात होतं. ओहोटी असली की आपण बाया पुळणीवरून सरळ अलिबाग गाठायचो, ओली वाळू पायाला थंडगार. भरती असली की रस्ता. आणि रस्त्यावर नव्यानंच मोटारी सुरू झालेल्या. मुंबईची लाँच रेवसच्या बंदराला लागली की दोन मोटारी उतारू भरून अलिबागला सुटायच्या. जी आधी पोचेल तिला परतीचे उतारू मिळायचे, म्हणून दोघींची रोज शर्यत. मालकांना तेच हवं, आणि खरं सांगायचं तर आत बसलेल्यांनाही तेच हवं. तांबड्या धुळीचा लोट उठायचा आणि त्यातून माणसांचं ओरडणं ऐकू यायचं, "दाब! दाब! सोडू नको त्याला!" नारळी पुनवेला आपल्या शर्यतीच्या होड्यांवर ओरडतात ना, तस्सं. तू पदरानं तोंड झाकून म्हणायचीस, "यांच्या बापाचं लगीन चाललंय जसं!"

यातली एक मोटार हाकणारा आपल्यातलाच, कोळीच होता. खाली दक्षिणेकडच्या एका गावचा. पूर्वी मालाच्या मचव्यावर तांडेल होता, होडीचं सुकाणू धरणारा. लाँचा आल्या, मचव्यांना माल मिळेना, तेव्हा मोटारमालकानं त्याला बोलावून घेतला. समुद्राला न भिणारा गडी रस्त्याला काय भिणार, असा मालकाचा हिशेब. थोडे दिवस चाक फिरवायला शिकवलं आणि उतारू बसवले पाठीशी.

नारळी पुनव होऊन गेली होती. त्या सकाळी भरती होती. आपण रस्त्यानं निघालो, मी पुढे, तू मागे, दोघी डाव्या कडेनं. कडेला रानभेंडीची जाड बुंध्याची झाडं होती, तू सारखी म्हणत होतीस, "कडेनं चाल, बाय, झाडाला धरून." पहिली मोटार भोंगा वाजवत गेली. धुळीनं काही दिसेना. मागून तू हाक मारलीस, "थांब गो, धूळ बसू दे." मी वळून उभी राहिले. तू माझ्याकडे तोंड करून उभी, पदर नाकातोंडावरून डोळ्यांपर्यंत ओढलेला, एक हात पाटीला. आणि तुझ्यामागे धुळीतून दुसरी मोटार बाहेर आली. ती शर्यतीत मागं पडली होती, म्हणून जिवाच्या करारानं येत होती. मी त्या तांडेलाला पाहिलं. चाकामागे उभ्यासारखा झालेला. त्यानंही आपल्याला पाहिलं. उजवीकडे अख्खा रस्ता मोकळा होता. त्याची मान उजवीकडे वळली, डोळे उजवीकडे, खांदा उजवीकडे झुकला, आणि हात? हात डावीकडे गेले. मोटार सरळ तुझ्या अंगावर आली.

पुढचं लिहीत नाही. तुझं तुला ठाऊक. मोटार भेंडीला जाऊन अडली. उतारू भराभर उतरले, कोणीतरी त्याला म्हणालं, "पळ बाबा, कोळी मारतील तुला." तो पळाला नाही. रस्त्याच्या मधोमध धुळीत बसला आणि उजव्या बाजूला हात करून एकच बोलत राहिला, "मी तिकडं वळवली व्हती. मी तिकडंच वळवली व्हती." मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याचं बोलणं ऐकत होते.

बाबाला वाटलं होतं, माणूस मारलं म्हणजे फाशी. फौजदार आले, त्यांनी समजावलं, "मारायचं म्हणून मारलेलं नाही. अविचारानं आणि हयगयीनं मोटार हाकून मरणाला कारण झाला, असा गुन्हा. त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं." हयगय! आपल्या चुलीपाशचा शब्द, आये. त्याला तुरुंग असतो हे मला तेव्हा कळलं. बाबा ओसरीवर डोकं धरून बसला. आत्या आतून ओरडली, "दोन वर्सं तरी देतात का बघा! वकील लावलाय मालकानं. वकील सांगनार, बाईच आडवी धावली म्हनून." आणि वकील तेच सांगणार होता. मोटारवाल्याच्या गावचे पंच नारळ घेऊन समेटाला आले, बाबानं त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. मग मला समोर बसवलं. "तू बघितलंस. तुजी साक्ष हाय. तू सांगायचं, तो दारू पिऊन व्हता, हसत हसत अंगावर आला. म्हंजे पुरी दोन वर्सं बसतील." आत्या म्हणाली, "दारूचा वास पोरीला कसा कळला इचारलं तर? म्हनावं, घरात बाप हाय की." एरवी बाबा हसला असता.

सगळ्यांना माझ्याकडून काही ना काही हवं होतं. बाबाला दारू हवी होती. वकिलाला तू धावलेली हवी होतीस. मी नुकतीच लुगडं नेसायला लागलेली पोर, दिवसरात्र माझ्या डोळ्यांसमोर एवढंच : मान तिकडे, हात इकडे. ते काय होतं ते मला कळायला वेळ लागला नाही, मी होडीवर वाढलेली. सुकाणूचा दांडा डावीकडे दाबला की होडी उजवीकडे जाते. मोटारीचं चाक तसं नाही, ते वळवाल तिकडेच मोटार जाते. जन्मभर दांडा धरलेल्या हाताला घाईत ते कोण सांगणार? पण हे बोलले तर बाबाचं काळीज फाटणार. न बोलले तर वकील तुला आडवी धाववणार. तू कडेला होतीस हे सांगायचं, तर मोटार कडेला का आली तेही सांगावं लागणार. एकाच माशाचे दोन काप ते, एक टाकून दुसरा कसा विकू?

अलिबागच्या कोर्टात मला पिंजऱ्यात उभं केलं. आधी उतारूंच्या साक्षी झाल्या. एक शेटजी म्हणाले, मला डुलकी लागली होती. दुसरे म्हणाले, माझाही डोळा लागला होता. त्या खडखडाटात अख्खी मोटार झोपली होती म्हणे! "दाब, दाब" काय झोपेत ओरडत होते? मग वकील माझ्याकडे वळला. गोड आवाजात म्हणाला, "बाळ, तुझी आई घाबरून रस्ता ओलांडायला धावली, खरं ना?"

"न्हाय."

"धुळीत तुला काय दिसणार?"

"ह्यो दिसला."

"मग काय केलं यानं?"

मी बाबाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. मला तुझी सुरमई आठवली. मी म्हटलं, "यानं सुकाणू मारलं."

लोक हसले. खुर्चीवरचे मॅजिस्ट्रेट साहेब हसले नाहीत. घाटावरचे होते, समुद्र त्यांनी अलिबागला येऊनच पाहिला असेल, पण त्यांनी टाक खाली ठेवला. "मोटारीला सुकाणू नसतं, मुली."

"चाक व्हतं. पन यानं सुकाणूवानी मारलं. मान तिकडं, हात इकडं." मी दोन्ही हातांनी करून दाखवलं. "माझी आये कडेलाच व्हती. झाडाला धरून."

साहेब मोटारवाल्याकडे वळले. मग त्याला विचारलं, "मोटारीआधी तू काय करत होतास?" तो म्हणाला, "तांडेल, साहेब. मचव्यावर." साहेबांनी विचारलं, "होडी उजवीकडे न्यायची तर सुकाणू कुठं दाबायचं?" तो चटकन म्हणाला, "डावीकडं, साहेब." आणि बोलून थांबला. त्याला तोवर ठाऊकच नव्हतं गं. त्याला वाटत होतं मोटार ऐकली नाही. त्यानं दोन्ही तळवे वर केले आणि दुसऱ्या कुणाचे हात पाहावेत तसा त्यांच्याकडे पाहत राहिला. वकिलाला जणू बुडताना काडी सापडली. "साहेब, म्हणजे हा निव्वळ अपघात! हाताची जन्माची सवय, यात गुन्हा कसला?" बाबा उठून बाहेर गेला.

निकालाच्या दिवशी साहेब इंग्रजीतून वाचत गेले. शेवट मात्र त्यांनी आम्हाला कळावा म्हणून मराठीतून सांगितला. म्हणाले, हात चुकला हा गुन्हा नाही. पण चुकलेला हात सावरायला जागाच उरू नये इतक्या वेगानं, धुळीत पुढचं दिसत नसताना, शर्यतीपायी मोटार सोडली, हा गुन्हा आहे. मरण पावलेली बाई आपल्या जागी होती, तिच्याकडून कोणतीही हयगय झालेली नाही. आणि नऊ महिने सक्तमजुरी दिली. आये, बाकी सगळं जाऊ दे, पण तुझ्याकडून हयगय झाली नाही हे एवढ्या मोठ्या माणसानं भर कोर्टात सांगितलं, ते ऐकून मला हुंदका आला.

बाहेर आल्यावर आत्या कडाडली, "नऊ म्हयने! मूल व्हायला लागतात तेवढे. मानूस न्यायला बी तेवढेच?" तिचंही खोटं नव्हतं. मालकाला काही झालं नाही. "दाब, दाब" म्हणणारे आपापल्या घरी जेवले. पोलिसांनी त्याला हिराकोटाच्या तुरुंगाकडे नेला, कोर्टापासून हाकेच्या अंतरावर. आणि बाबा वाटेत एवढंच बोलला, "तूच त्याची शिक्षा कमी केलीस."

त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. होडीशी बोलायचा, मांजराशी बोलायचा, माझ्यासमोर भाकरीचं ताट सरकवायचा, पण बोलायचा नाही. तू असतीस तर दोघांना एकेक धपाटा घालून बोलतं केलं असतंस. असा अख्खा मोसम गेला. पावसाळ्याआधी होड्या वर ओढल्या, बाबा होडीला तेल लावत होता. मी जेवण घेऊन गेले. तो वर पाहिल्याशिवाय म्हणाला, "इकडं ये. दाखव."

"काय?"

"कोर्टात दाखवलंस ते."

मी हात करून दाखवला. त्यानं तेलाचं फडकं टाकलं, होडीत चढला आणि सुकाणूचा दांडा धरला. समोर समुद्र, उजव्या अंगाला खांदेरी. म्हणाला, "समज, ती तिथं उभी हाय. आन् मला खांदेरीकडं काढायचीय." डोळे मिटून उघडले आणि त्यानं हात मारला. डावीकडे. मग बराच वेळ तो त्या हाताकडे पाहत राहिला. "मीबी असाच मारला असता," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पन मी एवढ्या जोरात आलो नसतो गो." आणि आणखी थोड्या वेळानं, अगदी हळू, "आलो असतो. पुनवेच्या शर्यतीत येतोच की आपन." मग तो होडीतच खाली बसला आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडला. मी पण रडले. भाकरी निवून गेली.

तो मोटारवाला तुरुंगातून सुटला आणि एक दिवस बाजारात माझ्या पाटीसमोर येऊन उभा राहिला. मी ओळखलं. म्हणाला, "माजी आय म्हनते, पाया पडून ये." मी म्हटलं, "माझ्या कशाला? त्या वळणावर जा." तो म्हणाला, "तिथूनच आलो." मग विचारलं, "तू माज्या बाजूनं का बोललीस?" मी म्हटलं, "तुझ्या बाजूनं न्हाय बोलले. माझी आये कडेला व्हती, तेवढं सांगत व्हते." त्यानं मान हलवली. मोटार हाकणं सोडल्याचं सांगितलं. मी म्हटलं, बरं केलंस, आता मचवा धर. तर म्हणाला, "सुकाणूवर हात ठेवला की थिजतो. आता जाळी विनतो, किनाऱ्यावर बसून." तेव्हा मला नऊ महिने मोजावेसे वाटेनात. कोर्टाची शिक्षा संपली होती, त्याची चालू होती. तो गेला, आणि समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "बाय, बांगडे ताजे का?" मी म्हटलं, कालचे.

आता वर्तमानपत्रात मोटारीखाली माणूस गेल्याचं वाचलं की घरात वाद होतो. जावई म्हणतो, असल्यांना फासावर द्यावं. नातू म्हणतो, अपघात तो अपघात. त्याचे मित्र गाडीत बसले की आजही ओरडतातच, दाब, दाब. मी दोघांचं ऐकते. हात माणसाला देवानं दिले आहेत, ते चुकणारच. वेग मात्र माणूस आपणहून घेतो. साहेबांनी सांगितलं त्याच्यापुढे माझी अक्कल जात नाही, आणि नऊ महिन्यांनी माझं पोटही भरत नाही. दोन्ही खरं आहे.

हा कागद पाठवायचा कुठे? घडी करून तुझ्या त्या हिरव्या चुंबळीत ठेवीन, ती अजून फडताळात आहे. फक्त एक राहिलं. नात विचारते, "पणजी दिसायला कशी होती?" आपला तर एक फोटोसुद्धा नाही. मी सांगते, माझ्यासारखी. पण आये, मोटार आली त्या वेळी मी तुझ्याकडे पाहत नव्हते, त्याच्याकडे पाहत होते, म्हणून तर कोर्टात सांगू शकले. तुझ्या हातांवरचे हळदीचे डाग मला आठवतात, तुझा आवाज आठवतो, डोळ्यांपर्यंत ओढलेला पदर आठवतो. चेहरा आठवायला गेले की त्याचाच येतो.